ओठांतल्या टाचण्या

टेलरबाईंच्या जिभेला धार फार. त्या जिभेपायीच लेक घर सोडून मैत्रिणीकडे राहायला गेली होती. परत आली ती अट घालून. "आई, पुन्हा एकदा जरी तशी बोललीस ना, तर मी चालले. मग बोलवायला येऊ नकोस."

तेव्हापासून बाई स्वतःवर पहारा देत होत्या. राग एकदम येत नाही, हे त्यांना या वयात कळलं. आधी कानाच्या पाळ्या तापतात. मग मशीनवरचा पाय जोरात पडतो, धागा तुटतो, आणि मागोमाग शब्द सुटतो. म्हणून पाळ्या तापल्या रे तापल्या की बाई टाचण्या ओठांत धरत. कापड टाचताना जन्मभर हेच केलेलं. टाचण्या तोंडात असताना बोलणार कोण?

लेकीने ओला टॉवेल गादीवर टाकला, की टाचण्या. दार सताड उघडं टाकून गेली, की टाचण्या.

"बाई, अगदी गाय झालात हो!" एक गिऱ्हाईक म्हणालं. बाई मनातून सुखावल्या.

एका दुपारी लेक अवेळी घरी आली. "नोकरी गेली, आई."

पाळ्या तापल्या. 'मी सांगत होते' हे टाळूपर्यंत आलं. बाईंनी ते बरोब्बर ओळखलं आणि चिमूटभर टाचण्या ओठांत धरल्या.

"बोल ना काहीतरी."

"हं." टाचण्यांतून तेवढंच निघतं.

"पूर्वी ओरडायचीस तरी गं! आता मी तोंड उघडलं की तू टाचण्या धरतेस. मला दिसत नाही का? उसवलेल्या कपड्याकडे बघावं तशी बघतेस माझ्याकडे."

अगं, हे तुझ्यासाठीच, असं बाईंना सांगायचं होतं. पण टाचण्या घाईने काढल्या तर ओठ फाटतो. त्या एकेक काढून टाचण्यांच्या उशीत खोचत राहिल्या. आत कपाट वाजलं, बॅगेची चेन ओढली गेली. तोंड मोकळं झालं तेव्हा लेक जिन्यात होती.

'थांब' म्हणायला बाई धावल्या, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"निदान दार तरी लावून जा!"

लेक दोन पायऱ्या वर आली. जराही आवाज न करता तिने दार ओढून घेतलं.

बाईंनी सवयीने कान चाचपले. पाळ्या गारच होत्या.