चार वर्षांची शून्ये

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. हाडामांसाचा नव्हे, दुकानातला. शेंगदाण्याएवढा, कानामागे बसणारा, करडा. माहितीपत्रकात त्या रंगाला ‘चंदेरी’ म्हटले होते. डोळ्याला भिंग लावलेल्या एका कारागीर बाईने मला जोडले, बंद पेटीत नाना शिट्ट्या ऐकवल्या आणि पास केले. त्यानंतर तीन वर्षे मला कोणी काही विचारले नाही.

त्याचे असे झाले की, सुनेने मला सासूबाईंसाठी आणले आणि सासूबाईंना माझी गरज नव्हती. या सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत.

“मी नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायचे,” त्या म्हणाल्या. “माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच हल्ली पुटपुटता.”

माझी रवानगी सुईदोऱ्याच्या डब्यात झाली.

बाईंचा एक नेम होता. दर रविवारी सकाळी नदीकाठच्या लव्हाळ्यापाशी घडीची खुर्ची टाकायची, डोळे मिटायचे आणि अर्ध्या तासात जे पक्षी ऐकू येतील ते वहीत लिहायचे. तीस वर्षांत त्यांनी एक रविवार चुकवला, तोही मुलाच्या लग्नामुळे, आणि तो त्या अजून बोलून दाखवत. त्या लव्हाळ्यात अंगठ्याएवढा एक पक्षी राहतो, वटवट्या. तो दिसत नाही. अगदी बारीक, उंच आवाजात बोलतो, तेवढीच त्याची ओळख. गेली चार वर्षे वहीत त्याच्यापुढे शून्य होते.

नगरपालिकेच्या नदी समितीने ही वही मन लावून वाचली. वटवट्या गेला, मग लव्हाळे कुणासाठी? ते कापून काठावर फरशी घालायचे ठरले. शेवटची बैठक तेवढी उरली होती.

अशात एका शनिवारी बाईंच्या पाठीमागे किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली.

“आई, अहो, गल्लीला ऐकू आली शिट्टी!”

“शिट्टी बिघडली असेल.”

सुनेने मला डब्यातून काढले, नवी बॅटरी घातली. “मग हे घाला आणि तुम्हीच काय ते ठरवा.”

बाईंनी मला घातले ते किटलीला खोटे पाडायला. किटली निर्दोष सुटली. दुसऱ्या दिवशी बाई नदीवर मला घेऊन गेल्या. सवयीने वहीत आधीच शून्य लिहिले, डोळे मिटले, आणि लव्हाळ्यातून तो बोलला. मग दुसरा. मग तिसरा. बाईंनी ते शून्य खोडले.

घरी सून म्हणाली, “कशाला सांगता समितीला? तुमचा एक शब्दही कोणी मानणार नाही मग.”

“नाही मानला तर नाही. लव्हाळं राहिलं पाहिजे.”

बैठकीत बाई उभ्या राहिल्या. “पक्षी गेला नव्हता. माझा कान गेला होता.”

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. ते हसले. “म्हणजे बाई, तीस वर्षांच्या वह्या रद्दीत?”

“चारच वर्षांच्या. त्या मी स्वतः खोडते. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या सकाळी सगळे नदीवर या.”

आले सगळे. पाच मिनिटांत तरुण इंजिनियर मुलीने बोट वर केले. “आहे! त्या तिथे, डावीकडे!”

“हो, हो, मलाही येतोय ऐकू,” अध्यक्ष म्हणाले.

“सर, आत्ता तो गप्प आहे,” बाई म्हणाल्या.

फरशीचा ठराव मागे घेतला गेला. निघताना अध्यक्षांनी बाईंना बाजूला घेऊन कानाच्या डॉक्टरांचा पत्ता हळूच विचारला. बाईंना तो प्रश्न स्वच्छ ऐकू आला होता, तरी त्यांनी तो दोनदा विचारायला लावला.

त्याला आता तीन वर्षे झाली. माझ्या कवचाला चीर गेली आहे, वाऱ्यात मी खरखरतो. तरीही रविवार चुकवत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद डब्यात पडला असेल. त्याला बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, बॅटरी बदला आणि ज्याचा आहे त्याच्या कानावर चढवा. तो रागावेल. रागावू द्या.

आणि एखादे पाखरू संपले असे लिहिण्याआधी आपण कसे ऐकतो तेही तपासा. बाई हल्ली शून्य लिहीत नाहीत. ‘मला ऐकू आले नाही’ असे लिहितात. वही लवकर भरते, पण नवी आणता येते.