निवळेपर्यंत थांबलेला हातपंप

मित्रांनो, मी हातपंप आहे आणि चांगला जुना आहे, पण विहिरीवरचा किंवा बोअरवेलवरचा नव्हे. माझ्या दांड्याला काळ्याभोर लाकडाची मूठ आहे, मुठीच्या बुडाशी पितळेचं कडं आहे आणि माझी तोटी हंसाच्या मानेसारखी वाकलेली आहे. जन्म इंग्लंडातला, मुक्काम सध्या ओमानात, मस्कत शहरात. एवढा पल्ला मी स्वतःच्या पायांनी गाठलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मला पाय नाहीत. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा एक शिकंजा तेवढा आहे.

यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात, दारावर राखाडी हंसाची पाटी असलेल्या पबात मी साठ वर्षं नोकरी केली. पब म्हणजे नुसता गुत्ता नव्हे बरं का. गावातली माणसं तिथे शेकोटीपाशी बसून हवेबद्दल तक्रार करायची, त्यांची कुत्री पायाशी झोपायची, आणि कोणाचा आवाज चढला तर मालकीणबाई नुसत्या त्याच्याकडे बघायच्या. तेवढ्यानं भागायचं. माझ्या खाली तळघर होतं आणि तिथे लाकडी घोडीवर एलची पिंपं आडवी झोपलेली असायची. एल ही बिअरचीच एक जुनी जात. खरी एल पिंपात भरल्यावरही जिवंत असते, आतल्या आत हळूहळू मुरत राहते. तिला वर आणायला गॅस लागत नाही, मी लागतो. दांडा ओढला की माझ्या छातीतला दट्ट्या वर सरकायचा आणि तळघराचा सगळा गारवा नळीतून चढून पेल्यात उतरायचा. तुमच्यापैकी जे लहान आहेत त्यांनी एल माझ्यापाशीच राहू द्यावी. माझ्या गोष्टीत पुढे सरबत आहे, ते तुमचं.

मालकीणबाईंचे दोन नियम होते. नवं पिंप आलं की गाळ खाली बसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, मग बाहेर गिऱ्हाईक कितीही खोळंबो. "निवळू दे," एवढंच त्या म्हणायच्या. आणि एकदा का पिंप उघडलं की तीन दिवसांत संपवायचं. चौथ्या दिवशी तीच एल आंबट होते, मग त्या ती मोरीत ओतून द्यायच्या आणि दिवसभर कोणाशी बोलायच्या नाहीत. दर सोमवारी माझ्या नळ्या धुतल्या जायच्या. माझी इतकी काळजी पुढे कोणी घेतली नाही. असो.

एका शनिवारी राजीव आणि वासंती आत आले. राजीव पुण्याचा इंजिनिअर, कंपनीनं तीन वर्षांसाठी तिकडे धाडलेला. वासंती त्याची बायको. त्यानं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं करून मराठीत म्हणाला, "ही गरम आहे. आणि फेस कुठाय?"

वासंतीनं त्याच्याच पेल्यातून घोट घेतला. "गरम नाही. माठातल्या पाण्याइतकी गार आहे. तुम्हाला फ्रीजची सवय लागलीय."

मी मनात म्हटलं, ही बाई समजूतदार दिसते. मग राजीवनं पेला खिडकीकडे धरला. मधाच्या रंगातून त्याला पलीकडची टेकडी स्वच्छ दिसली आणि तो कितीतरी वेळ तसाच धरून बसला. त्या दिवसापासून पेला उजेडाकडे धरल्याशिवाय त्यानं कधी ओठाला लावला नाही.

त्यांना नादच लागला. दर शनिवारी बूट घालून निघायचं, शेतांच्या बांधावरून या गावातून त्या गावात चालायचं, दुपारी एका पबात, संध्याकाळी दुसऱ्या. वासंती अर्धाच पेला घ्यायची आणि वहीत लिहायची. 'तळघर उत्तम, मालक खडूस, पुन्हा यावे.' 'मालक गोड, एल आंबट, न बोलता उठलो.' ते पब मी पाहिलेले नाहीत, पण ती दोघं माझ्यासमोर बसून वही वाचायची तेव्हा मीही त्या पायवाटांवरून चालून यायचो. नोकरीनं त्यांना पुढे ओमानला नेलं, तरी दर उन्हाळ्यात, मस्कत भट्टीसारखं तापलं की, ती दहा दिवसांची रजा काढून यायची. शेवटचा दिवस ठरलेला असायचा, माझा.

मग मालकीणबाईंचे गुडघे गेले. पब विकला गेला, तिथे फ्लॅट होणार होते. त्यांनी मला स्क्रू काढून उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि राजीवच्या हातात दिलं. "वापरात ठेव," त्या म्हणाल्या. राजीवनं मान हलवली. त्यानं मला छातीशी धरलं.

मस्कतला, अल खुवैरच्या फ्लॅटमध्ये, मी जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसलो. पहिला महिनाभर पाहुण्यांनी माझं फार कौतुक केलं. नंतर माझ्या दांड्याला गाडीच्या किल्ल्या लटकू लागल्या, मग भाजीची पिशवी, मग त्यांची मुलगी अंतरा हिचे हेडफोन. खाली तळघर नव्हतं, नुसता दुसऱ्यांचा फ्लॅट होता. एसीच्या कोरड्या हवेत माझ्या दट्ट्याचं चामडं आवळून आवळून करकचलं आणि एके दिवशी दांडा हलायचाच बंद झाला. मी डोळे मिटून तळघराची स्वप्नं बघायचो. ओल्या दगडाचा वास यायचा, पिंपातला हळू श्वास ऐकू यायचा, आणि मग कोणीतरी किल्ल्या उचलायचं.

एका वर्षी डॉक्टरांनी वासंतीला लांब चालायला मनाई केली. इंग्लंडची रजा रद्द झाली. राजीव संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसला आणि त्यानं माझा दांडा ओढून पाहिला. हलला नाही. "निदान याचा आवाज तरी ऐकू आला असता," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला टॉवेलात गुंडाळून गालाला नेलं.

गाला म्हणजे मस्कतमधली गॅरेजांची आणि वर्कशॉपांची वस्ती. तिथे तय्यबभाईंचं गॅरेज आहे. तय्यबभाई रत्नागिरीकडचे, हाताला भारी गुण, पाच वेळा नमाज पढणारे. अठरा वर्षं राजीवची गाडी त्यांच्याशिवाय कोणी उघडली नव्हती. त्यांच्या घरून, बायको झरीनभाभींच्या हातचे, माशाच्या कालवणाचे डबे राजीवकडे यायचे आणि इकडून दिवाळीचा फराळ जायचा. दारूचा विषय मात्र दोघांत कधी निघाला नव्हता. का निघावा?

तय्यबभाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "कसला हा, साहेब?"

आणि राजीव, ज्यानं आयुष्यात सीमाशुल्कवाल्यालाही खोटं सांगितलं नसेल, चटकन म्हणाला, "सरबताचा. तिकडे लग्नाकार्यात सरबत वाढतात यानं."

भिडेखातर बोलला, मित्रांनो. मित्राच्या हातात आपण नको ती वस्तू दिली असं होऊ नये, म्हणून. पण मी गार पडलो. मला तोंड असून बोलता येत नाही, हे त्या दिवशी फार जाणवलं.

"ठेवून जा," तय्यबभाई म्हणाले. "वेळ लागेल."

दुपारी त्यांनी मला उघडलं. दट्ट्या बाहेर आला, चामडं बाहेर आलं. साठ वर्षांची एल त्या चामड्यात मुरलेली होती. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि थांबले. मला खाली ठेवून नळावर गेले, हात धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा धुतले. बराच वेळ स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत राहिले. समोरच्या दुकानाचे हुसैनमियाँ चहा घेऊन आले, त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काय नाय. जुना माल आहे. आतलं सगळं नवीन करतो."

पुढचे सहा दिवस ते सवडीनं माझ्यावर काम करत होते. माझी पितळी छाती त्यांनी काढली आणि लेथवर स्टीलची नवी कातली. चामड्याच्या जागी रबराचा वायसर आला. तोटी नवी, नळी नवी. माझी म्हणून मूठ, दांडा आणि बाहेरचा सांगाडा तेवढा उरला. गालाच्या उन्हात सुटा होऊन पडलो होतो तेव्हा मला खूप रडू आलं. मी अजून मीच आहे का, हेही कळेना. पण सातव्या दिवशी त्यांनी बादलीत नळी सोडली, दांडा ओढला, आणि माझ्या आतून पाणी चढलं. तो आवाज तसाच होता, मित्रांनो. आधी हुंकार, मग खळखळ.

राजीव आणि वासंती मला न्यायला आले तेव्हा राजीवनं तो आवाज ऐकला आणि चष्मा पुसला. तय्यबभाई म्हणाले, "साहेब, मी काय बोलतो, शनिवारी ईद. दरवर्षीसारखी गॅरेजातच दावत आहे. सोहारच्या फॅक्टरीतली पोरं येतात, खाबुराहून आमचा भाचा नबील येतो. सगळे घरापासून लांब. झरीन कोकमाचं सरबत करते. हा पंप तेवढ्यापुरता इथंच ठेवू? याच्यानं वाढू."

राजीवनं पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "ठेवा की," तो म्हणाला. आणखी काय म्हणणार होता?

तय्यबभाई हात धुवायला मागे गेले तशी वासंती त्याच्याजवळ सरकली. "तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"नाही. आता कसं सांगू? सहा दिवस राबलेत ते."

"मग ईदच्या दिवशी साठ माणसं या पंपातून पिणार. आणि तुम्ही तिथे बसून बघणार. जमेल तुम्हाला?"

राजीव माझ्या मुठीवरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

"राजीव, पिंप उघडलंय," वासंती म्हणाली. "तीन दिवस आहेत तुमच्याकडे."

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. मी गॅरेजच्या लांब टेबलावर बसून वाट बघत होतो. फोन आला नाही. माझ्या मनात आलं की मी आपण होऊन अडकावं, दट्ट्या आवळून धरावा, पण तय्यबभाईंचं काम इतकं चोख होतं की अडकायला जागाच नव्हती.

ईदच्या सकाळी नमाजहून परतलेले तय्यबभाई पांढऱ्या कपड्यांत सतरंज्या अंथरत होते. झरीनभाभींनी सरबताचं मोठं पातेलं टेबलाखाली ठेवलं आणि माझी नळी त्यात सोडली. पाहुणे यायला अर्धा तास होता. तेवढ्यात राजीवची गाडी फाटकातून आत आली. तो एकटाच होता. त्यानं ईद मुबारक म्हटलं, गळाभेट घेतली आणि तय्यबभाईंचे हात सोडलेच नाहीत.

"तय्यबभाई, हा पंप वापरू नका."

"का बरं?"

"मी तुमच्याशी खोटं बोललो. हा सरबताचा नाही. बिअरचा आहे. पबातला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. नंतर तोंडच उघडेना." त्यानं हात आणखी घट्ट धरले. "माझ्यामुळे तुमच्या पाहुण्यांना... माफ करा मला."

तय्यबभाईंनी हात सोडवून घेतले. मग आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जड पुडकं घेऊन आले. राजीवनं ते उघडलं. माझी पितळी छाती होती, जुनं चामडं होतं, जुनी तोटी होती. सगळं पुसून ठेवलेलं.

"हे तुमचं, साहेब. तुमच्या आठवणीचं आहे, फेकलं नाही. पहिल्याच दिवशी वास आला मला. सरबत जिथं जिथं लागणार, त्या सगळ्या जागा नव्या केल्या. आता याच्यातून पाण्याखेरीज काय गेलेलं नाही."

राजीवनं मान वर केली. "तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तुम्ही शरमेनं इथं यायचे बंद झाला असता. म्हटलं, थांबू. साहेब आपण होऊन सांगतील, इन्शाल्ला."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

तय्यबभाईंनी सतरंजीची सुरकुती पायानं सरळ केली. "तर सरबत वाढलं असतं. गाडी पण दुरुस्त केली असती. फक्त मग तुम्ही माझं नुसतं गिऱ्हाईक उरला असता."

राजीव खाली बसला. तय्यबभाईही त्याच्या शेजारी बसले. मला एकदम तळघरात असल्यासारखं वाटलं. तोच गारवा, तीच शांतता, गाळ हळूहळू खाली बसत असल्याची.

"आता खलास," तय्यबभाई उठत म्हणाले. "पाहुणे येतील. वाढायला तुम्ही उभे राहा, तुम्हाला ओढायची माहिती आहे. वासंतीभाभींना पण बोलावून घ्या."

आता मी वर्षभर राजीवच्या घरी असतो आणि ईदच्या आधी दोन दिवस गालाला जातो. माझ्यावर किल्ल्या लटकत नाहीत. दर शनिवारी वासंती माझ्यातून साधं पाणी ओढते आणि जुनी वही उघडून एक पान मोठ्यानं वाचते, म्हणजे मी सुकत नाही आणि तीही त्या बांधांवरून चालून येते. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात आवळत चाललं असेल तर त्याला नुसतं पुसू नका, वापरा. माणसांचंही तसंच करा. त्यांच्यातलं गढूळ खाली बसायला वेळ द्या, आणि बोलायचं असेल ते चौथ्या दिवसावर ढकलू नका.

त्या ईदचा पहिला पेला राजीवनं ओढला. लालबुंद सरबत भरलं आणि त्याचा हात सवयीनं वर गेला. गालाच्या उन्हाकडे पेला धरून तो बघत राहिला.

"काय बघता?" तय्यबभाईंनी विचारलं.

"निवळलंय का ते."

तय्यबभाईंनी मान वाकडी करून पेल्यातून पलीकडे पाहिलं, थेट राजीवच्या डोळ्यांकडे.

"निवळलंय," ते म्हणाले. "द्या इकडे."