पाना आवळायच्या आत

चौथ्या चाकाशी बसून त्याने ब्रेकमधली हवा काढायच्या निपलला नळी खोचली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलं आणि पान्याने निपल अर्धा आटा सैल केला. उठला. स्टिअरिंगमागे बसून पेडल सावकाश दाबलं, सावकाश सोडलं. पाच वेळा. खाली उतरून बाटलीत बघितलं. बुडबुडे. ब्रेकच्या टाकीत ऑइल ओतलं, पुन्हा वर. पेडलवर दुसरा माणूस नसला की वेळ लागतो, एवढंच. अडत काही नाही.

मुलगी दारात उभी होती. तिची खोकी मागच्या सीटवर चढली होती. गाडी आता तिची. दुपारी निघायचं, आणि वाटेत सगळा उतार.

"मी दाबते ना पेडल."

"नको."

"आईला बसवायचात."

"म्हणूनच नको. पाना आवळायच्या आत पाय उचलायची. हवा आत. केलेलं सगळं पाण्यात."

एकवीस वर्षं तो हे गाडीखालून ओरडत आला होता. शेजाऱ्यांना पाठ झालं, बायकोला नाही. गेल्या महिन्यात ती गेली. लोक येऊन रडून गेले. याने सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या.

"मुद्दाम उचलायची," मुलगी म्हणाली.

तो पुन्हा पेडल दाबत राहिला.

"म्हणायची, तेवढाच तासभर जास्त बोलतो माझ्याशी. एरवी भिंत बरी."

"शिव्या घालायचो मी."

"मग काय! शिव्या तर शिव्या."

त्याने उतरून बाटली बघितली. एकही बुडबुडा नव्हता. निपल आवळला, फडक्याने पुसला, आत बसून पेडल दाबलं. दगडासारखं कडक. चारही चाकं झाली.

"झालं?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. हात कोरडे झाले तरी.

"मऊ लागतंय अजून. बस तू."

ती बसली. पेडलवर पाय ठेवला, दाबला, आणि तिला काय ते कळलं.

तो चाकाशी आडवा झाला. पाना बाजूलाच पडला होता.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

असं चार-पाचदा झालं. मग खालून 'दाब' आलं, 'सोड' आलंच नाही. तिने पाय तसाच दाबून धरला.

"आणखी काय म्हणायची?" त्याने विचारलं.