दुसरी तारीख

रोवण्याचे दिवस होते. उर्वशी सिंदेवाहीजवळ भावाच्या शेतातल्या बांधीत वाकून धानाचे रोप लावत होती, तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. आवाजावरूनच तिनं गाडी ओळखली. तिचा नवरा प्रणित बांधीच्या कडेला धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

घटस्फोटाच्या अर्जावर दोघांनी नुकत्याच सह्या केल्या होत्या. पण राजीखुशीचा घटस्फोट तेवढ्यानं होत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टात उभं राहून दोघांनी हो म्हणावं लागतं.

"वकिलाले इचारून आलो," प्रणित हसला. "दुसऱ्या तारखेले मी नाई म्हनलं का अर्ज खतम."

"काऊन असा करून राह्यला तू?" तिनं विचारलं.

"तू भेतेस तं बरं वाटते मले."

तो गेला. उर्वशीच्या हातातली रोपं पाण्यात पडली होती.

तेव्हापासून ती एकटीनं बाजारात जाईना. गाडी वाजली की दाराआड व्हायची. धान कापून झालं, मळणी झाली, तरी घास गिळताना तेच मनात येई: तो नाई म्हणाला तर? तिच्या वकील इंदुताईंनी समजावलं, "नाही म्हणाला तर छळाचा वेगळा दावा लावू. वेळ लागेल, पण तुला जबरदस्तीनं कोणी नांदायला पाठवू शकत नाही." उर्वशीनं मान हलवली. तिच्या कानात मात्र 'वेळ लागेल' एवढंच राहिलं.

तारखेला प्रणित आईला घेऊन आला. गुणाबाईला पाहून उर्वशी इंदुताईंच्या मागे सरकली. प्रणित मारायचा तेव्हा ही सासू चुलीकडे तोंड करून बसून राहायची. आज लेकाच्या बाजूनं बोलायलाच आली असणार.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी उर्वशीला विचारलं, "कोणाचा दबाव नाही ना?"

"नाई साहेब. मले मोकळं व्हायचं हाय." तिनं कठडा घट्ट धरला.

मग प्रणितला विचारलं. तो तिच्याकडे बघून नुसता हसला. साहेबांनी पुन्हा विचारलं. त्याची नजर दाराकडे गेली. तिथे गुणाबाई उभी होती. ती लेकावरची नजर काढत नव्हती. प्रणितचं हसू मावळलं.

"हो," तो पुटपुटला. "मंजूर हाय."

बाहेर व्हरांड्यात उर्वशीनं गुणाबाईला गाठलं. "आत्याबाई, काय म्हनलं तुमी त्याले?"

"इथं आल्यावर म्हनलं, तू फिरला तं मी साहेबाले समदं सांगीन. तिले कसा मारे, अन् आता मले कसा मारते." तिनं पदर सारला. दंडावर काळानिळा वळ होता.

"मंग त्याच्यासंगं जाऊ नका. माह्याकडे चला."

"लेक हाय तो माहा. कुठी जाऊ?"

फाटकातून प्रणितनं हॉर्न वाजवला. गुणाबाई दचकली आणि लगबगीनं निघाली. उर्वशी धावत इंदुताईंकडे गेली. "ताई, आईले पोरापासून वाचवाचा कायदा हाय का?"

"आहे. पण तक्रार तिनं करायला हवी."

उर्वशी परत फिरली, पायऱ्या उतरून फाटकापर्यंत पळाली. प्रणित गाडी सुरू करत होता, गुणाबाई मागे बसली होती. गाडी वाजली, तरी ती समोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "उतरा."