पत्त्यांच्या डावाची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. लगेच नाक मुरडू नका. माझे निळे पट्टे विटले आहेत आणि एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण एके काळी मला पसरल्याशिवाय या घरातल्या एकाही सुट्टीला सुट्टी म्हणत नसत.

माझा जन्म हातमागावर झाला. मला विणणारी बाई मोठी कडक होती. एक धागा सैल पडला तरी ती स्वतःवरच चिडायची आणि वीतभर काम उसवून पुन्हा विणायची. म्हणून तर मी एवढी वर्षं टिकले. दुकानात या घरची आई आली, तिने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाली, "चौघं ऐसपैस बसू हिच्यावर." तेव्हापासून मी या चौघांची झाले. आई, बाबा, थोरला आणि धाकटा.

झाडांना कोवळी पालवी फुटली की आमचे दिवस सुरू व्हायचे. सुट्टीच्या सकाळी मला गुंडाळून धाकटा खांद्यावर टाकायचा आणि सगळे नदीकाठच्या बागेत जायचे. आजूबाजूला कुणी फुलांची चित्रं काढत बसलेलं असायचं, कुणी बॅडमिंटन खेळायचं, कुणाची मुलं दोरीवरच्या उड्या मारत धुरळा उडवायची. आमच्याकडे मात्र पत्ते. ऊन चढलं की घरी परत, आणि मग गॅलरीत मला अंथरून तोच डाव पुढे चालू. जोड्या ठरलेल्या होत्या. आई आणि धाकटा एकीकडे, बाबा आणि थोरला दुसरीकडे. जोडीदार समोरासमोर बसत. हरलेल्या जोडीने मला झटकून घडी घालायची, असा घरचा कायदा होता. बाबा हरले की झटकताना मुद्दाम थोरल्याच्या अंगावर धूळ उडवायचे आणि म्हणायचे, "तुझ्यामुळे हरलो, घे प्रसाद." किती हसायचे सगळे. ते हसणं मी अंगावर झेललं आहे.

मुलं मोठी झाली, दोघांची लग्नं झाली, दोन वेगळी घरं झाली. तरी पालवी फुटली की दोघेही यायचे. थोरला दुकानांतले वजनकाटे तपासायच्या नोकरीत होता. तोळाभर इकडचं तिकडे झालेलं त्याला खपायचं नाही. धाकटा पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचा. आई एका शिंप्याकडची काजं-बटणं घरी आणून करायची. तिच्या हातचं काज म्हणजे शिंपी गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचा.

मग आईचे डोळे अधू होऊ लागले. हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण वाटलेली पानं उचलताना तिचा हात माझ्यावर चाचपडायला लागला. नंतर धाकट्याला कळलं. हातातली पानं ती डोळ्यांजवळ धरून वाचायची, पण मध्ये पडलेलं पान तिला नीट दिसायचं नाही. बदाम की चौकट, हे उमगायचं नाही.

"दादाला सांगू नकोस," ती धाकट्याला म्हणाली. "तो उद्याच माझं काम सोडायला लावेल. काजं नाही केली तर मी दिवसभर करू काय?"

"आई, पण डॉक्टरांना तरी दाखव."

"दाखवते रे. एवढा लग्नाचा मोसम जाऊ दे."

मग धाकट्याने एक युक्ती काढली. मध्ये पान पडलं की तो माझा एक पट्टा दोन बोटांनी हलकेच ओढायचा. बदामाला एकदा, चौकटीला दोनदा. ती ओढ आईच्या गुडघ्याखाली पोचायची. मित्रांनो, यात लबाडी कसली? पान तर सगळ्यांसमोर उघडं पडलेलं असायचं. जे तिघांना दिसत होतं, तेवढंच तो चौथीला सांगत होता.

पण मी हलले की मधली पानंही किंचित हलायची. एका दुपारी थोरल्याने ते पाहिलं. त्याने हातातली पानं खाली ठेवली.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने धाकट्याला विचारलं.

"काय?"

"खाणाखुणा. सतरंजी ओढून."

"अरे, खेळ आहे तो," बाबा म्हणाले. "सोड ना."

"बाबा, घरच्यांना फसवतो तो बाहेर काय करत असेल?"

 धाकट्याने आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून पानं लावत बसली होती. लावलेलीच पानं ती पुन्हा पुन्हा लावत होती. थोरला उठला, चपला घातल्या आणि गेला. त्या दिवशी मला कुणी झटकलंच नाही.

पुढच्या वसंतात थोरला आला नाही. धाकटा यायचा, म्हणायचा, "आई, सांगून टाक ना त्याला." आई म्हणायची, "सांगते. एवढी कामं हातावेगळी होऊ देत." मग एका लग्नात थोरल्याने धाकट्याच्या मुलीला चारचौघांत चेष्टेने म्हटलं, "तुझ्या बाबांशी पत्ते खेळू नकोस हं, फसवतील." पोरगी रडत घरी आली. त्यानंतर धाकट्याने आईला तसं म्हणणं बंद केलं. मी माळ्यावर गेले, जुन्या बादलीशेजारी. बाग तिकडे फुलतच असणार, पण मला कोण विचारतो?

आईने एका कोटाची काजं उलट्या बाजूला केली, तेव्हा कुठे शिंप्याने ओळखलं. काम सुटलंच. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. एक डोळा थोडासा वाचला.

त्यानंतरच्या वसंतात आईने मला माळ्यावरून उतरवायला लावलं, गॅलरीत अंथरलं आणि दोन्ही मुलांना बोलावून घेतलं. दोघे आपापल्या जुन्या जागी बसले. आईने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. थोरल्याने माझा एक पट्टा दोन बोटांत धरला. मग धाकट्याला म्हणाला,

"चुकलं रे माझं. तू एक शब्द तरी बोलायचास."

"दादा, तुझा राग नाही मला," धाकटा म्हणाला. "तुला जे दिसलं ते तू बोललास." मग तो आईकडे वळला. आवाज चढला नव्हता. "आई, तू समोर बसली होतीस."

 बाबांनी पत्ते पिसायला घेतले. धाकट्याने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "तिघांतच वाटा, बाबा." तो नियमाने येतो अजून, आईच्या डोळ्यांत औषध घालतो, पंख्याला तेल देतो. माझ्यावर मात्र बसत नाही. डाव मांडला की आई त्याच्या जागेवरून हात फिरवते, आणि तो हात माझ्याने सोसवत नाही.

मित्रांनो, मला वेळच्या वेळी ऊन दाखवलंत, कोरडी घडी घातलीत, तर मी आणखी काही वर्षं काढीन. माझं तेवढ्यावर भागतं. पण तुमच्यासाठी कुणी गप्प बसलं असेल, तर त्याला फार दिवस तसं बसवून ठेवू नका.