उजवीकडचा खिसा

"आपल्या दुकानात मालक कुणी नाही आणि नोकरही कुणी नाही. प्रत्येक सभासद आठवड्यातून दोन तास काम करील, आणि त्या कामाचे पैसे कुणीही घेणार नाही. मान्य असेल त्यांनी हात वर करा," बाई म्हणाल्या.

आमच्या ह्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. हे डावखुरे आहेत, त्यामुळे उजव्या हातांच्या गर्दीतही ह्यांचा हात लगेच ओळखू येतो. सभा शाळेच्या वर्गात होती आणि मी शेवटच्या बाकावर बसले होते. मांडीवर नव्या दुकानासाठी शिवलेल्या एप्रनांचा गठ्ठा होता. माणूस स्वतःच्या पगारावर स्वतःच पाणी सोडत होता, आणि वर हसतही होता.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. मालक गल्ल्यावर बसायचा, बाकीचं दुकान हे चालवायचे. गिऱ्हाइकं ह्यांना 'मॅनेजर' म्हणायची. पगारात ते कधी दिसलं नाही, पण तशी हाक ऐकली की ह्यांची मान ताठ व्हायची. मग मालकाने जागा विकली, तिथे मोबाइलचं चकचकीत दुकान आलं आणि हे घरी बसले. या वयात कोण कामावर घेणार? मी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते, त्यावर घर कसंबसं चालू राहिलं. हे माझ्या मशीनपाशी येऊन दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावून ठेवायचे. ह्यांची पाठ वळली की मी ती पुन्हा माझ्या सवयीप्रमाणे लावायची.

किराण्यासाठी लांब जावं लागतं म्हणून वस्तीतल्या लोकांनी ठरवलं, की सगळ्यांनी मिळून आपलंच दुकान काढायचं. पुढाकार बाईंचा. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या जोडीला दाताचे डॉक्टर. दोघं एका संध्याकाळी आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि निघताना बाई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय हे उभं राहायचं नाही, मॅनेजर."

झालं. त्या एका वाक्यावर हे हरभऱ्याच्या झाडावर चढले.

"पगाराचं काय म्हणाले?" कप विसळता विसळता मी विचारलं.

"अगं, पहिल्याच भेटीत पैशाचं काढायचं का? आपली माणसं आहेत. दुकान उभं राहू दे, ते आपणहून बोलतील."

"भीड भिकेची बहीण असते."

"तुला सगळ्यातच वाईट दिसतं."

दिसतं खरं. त्याचा मला काही आनंद नाही, पण बहुतेक वेळा माझंच खरं निघतं.

पुढचे कित्येक महिने हे सकाळी बाहेर पडायचे ते दिवेलागणीलाच परतायचे. व्यापाऱ्यांकडे चकरा मारल्या, फळ्या ठोकून घेतल्या, भिंती रंगवल्या. शिडीवर चढून छताची गळतीसुद्धा ह्यांनीच बुजवली. केसांत चुना घेऊन घरी यायचे आणि जेवताना दुकानाबद्दलच बोलायचे. इतकं बोलताना मी ह्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं. त्यामुळे मीही गप्प बसले. हे माझंच चुकलं म्हणायचं.

बाईंनी एप्रनांसाठी गडद हिरवं कापड पाठवलं आणि शिलाई किती घेणार म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "घरचंच काम आहे, बाई." घरचंच काम मी रात्री जागून केलं. सगळ्या एप्रनांना छातीवर डावीकडे खिसा लावला. ह्यांच्या एप्रनाला मात्र उजवीकडे लावला, दुहेरी टीप घालून. शर्टाचे खिसे सगळे डावीकडे असतात. डाव्या हाताने त्यातून पेन काढायचं तर मनगट मुरगाळावं लागतं, आणि ह्या माणसाने ते जन्मभर मुरगाळलं. मॅनेजरच्या पेनला एकदा तरी नीट जागा मिळावी असं मला वाटलं. सभेच्या आदल्या दिवशी ह्यांनी एप्रन घालून पाहिला. पेन खिशात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग बराच वेळ एप्रन अंगावरून काढलाच नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तो हात वर गेला.

"कशाला केलात हात वर?" घरी येताना मी विचारलं.

"सगळ्यांनी केला."

"सगळ्यांच्या आधी तुम्ही केलात."

"अगं, ते सभासदांपुरतं. मॅनेजर वेगळा. दोन-दोन तासांच्या हौशी माणसांवर कुठे दुकान चालतं का?"

"मग उद्या जाऊन विचारा. मीही येते."

बाईंनी आम्हाला चांगल्या खुर्च्यांवर बसवलं. हे छताच्या गळतीबद्दल बोलत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "बाई, ह्यांच्या पगाराचं कसं ठरवलंय?"

बाई खरोखरच गोंधळल्या. त्यांनी सोंग केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"पगार? अहो, काल ठराव झाला ना. आणि पहिला हात ह्यांचाच होता. मला इतकं भरून आलं! रात्री मुलीला फोनवर सांगितलं मी, की ज्याला खरी गरज आहे, तो माणूस बघ कसा वागतो."

"म्हणजे गरज आहे हे माहीत होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"तसं नाही हो. तुम्ही आमच्यातले आहात. पगार दिला की हे नोकर झाले. ह्यांना नोकर म्हणायला माझी जीभ रेटायची नाही."

पेन्शन घेणाऱ्या माणसांना नोकर हा शब्द फार बोचतो. आम्ही त्याच शब्दावर संसार केला होता.

"तुमचा आग्रह असेल तर पुढच्या सभेपुढे ठेवते," बाई म्हणाल्या. "मतं घेऊ."

हे उठून उभे राहिले. "नको, बाई. माझ्या पोटासाठी लोकांनी हात वर करायचे आणि मी समोर बसून ते बघायचे, हे नाही व्हायचं माझ्याच्याने."

रस्त्यात हेच म्हणाले, "म्हण की. लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या म्हण. केव्हाचं ओठांवर आलंय तुझ्या."

आलं होतं, पण मी म्हटलं नाही.

महिन्याभरात ह्यांना पार्सलच्या गोदामात काम मिळालं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं. दिवसभर उभं राहून खोकी इकडून तिकडे ठेवायची. तिथे ह्यांना कुणी मॅनेजर म्हणत नाही, गळ्यातल्या कार्डावरच्या नंबराने हाक मारतात.

आणि दुकान छान चालतं. बुडालं असतं तर मला समाधान वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? लोक हसतखेळत आपापले दोन तास भरतात, डाळ-तांदूळ पुड्यांत भरताना फोटो काढून घेतात. ह्यांची पाळी सुट्टीच्या दिवशी असते. एप्रन सगळे एका खुंटीवर असतात, जो येईल तो हाताला लागेल तो घालतो. सुरुवातीला हे आपला एप्रन शोधायचे, मग तेही सोडलं.

परवा संध्याकाळी दाताचे डॉक्टर दारात आले. हे नुकतेच कामावरून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले होते.

"वहिनी, एक छोटंसं काम होतं," डॉक्टर पिशवीतून हिरवा एप्रन काढत म्हणाले. "ह्याचा खिसा चुकून उलट्या बाजूला बसलाय बघा. पेन काढताना हात अडतो. हा वाट्याला आला की सगळे कुरकुरतात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाण्यात बघत होते.

"घाईत झालं असेल," हे म्हणाले. "देईल ती करून."

डॉक्टर आभार मानून गेले. मी एप्रन मांडीवर घेतला.

"सांगायचं होतं ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगणार? उसव तू. लोकांची अडचण होतेय."

दुहेरी टीप उसवायला वेळ लागतो. शिवताना मीच ती घट्ट घातली होती. खिसा सुटला तेव्हा खाली कापडाचा मूळ रंग निघाला. धुऊन धुऊन एप्रन फिकट झाला होता, पण तेवढा चौकोन गडद हिरवा राहिला होता. मी खिसा डावीकडे लावला, दोरा तोडला आणि एप्रन ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी पाय पुसले, एप्रन समोर धरून पाहिला. मग घडी घातली, आणि घालताना तो गडद चौकोन आत घेतला.