नामदारांच्या पायाखालचे स्टूल

मित्रांनो, मी बाभळीचे एक जुने स्टूल आहे. माझ्यावर आजवर एकच माणूस मोठा झाला, आणि तोही शेवटी खाली उतरला. फार दमले आहे, तरी सांगते.

सोलापूरच्या एका गल्लीत गुरम्मा कडक भाकरी विकायची. भाकरींची फळी उंच, म्हणून संगप्पा सुताराने मला घडवले. तेवढेच काम. मी सुखी होते.

मग गल्लीतला ईरप्पा म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभा राहिला. उभा राहिला, पण दिसेना. आवाज मोठा, देह आखूड. मागची माणसे विचारत, "कोण बोलायलंय?"

तो गुरम्माकडे आला. "अव्वा, स्टूल दे की. निवडून आलो की गल्लीत नळ आणतो."

विहिरीच्या पायऱ्यांनी गुरम्माचे गुडघे गेले होते. "ने बाबा. पण नळाचं इसरू नको."

तो विसरला नाही. प्रत्येक भाषणात नळ असेच. म्युनिसिपालिटी झाली, मुंबईचे कौन्सिल झाले. बार्शी, माळशिरस, मैंदर्गी, मी बैलगाडीतून सगळीकडे गेले. टाळ्या त्याला, चिखलाचे जोडे मला. एका पायाला चीर गेली. इकडे गुरम्मा फळीवरच्या भाकरी काठीने पाडत होती. त्या फुटत, पण कडक भाकरी शेवटी मोडूनच खातात, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

सदतीस साली ईरप्पा मंत्री झाला. नामदार! आता त्याला व्यासपीठ मिळाले आणि मी घरी आले. आणि नळही आला, खरोखर आला. उद्घाटनासाठी गल्लीत उंच व्यासपीठ बांधले. नामदारांना त्यावरून वाकावे लागू नये, म्हणून मिस्त्रीने नळ त्यांच्या छातीच्या उंचीला बसवला. टाळ्या पडल्या. संध्याकाळी व्यासपीठ उचलून नेले. नळ राहिला वर, वळचणीपाशी.

गुरम्मा त्यांना भेटली. "साहेब, नळ लई उंच झालाय."

"अव्वा, मीपण झालोच की," नामदार म्हणाले. "सवय होईल."

मग मला नळाखाली ठेवले. बायका माझ्यावर चढत, तोटी सोडत, उतरून घागर भरत आणि तोटी बंद करायला पुन्हा चढत. गुरम्माला विहिरीला पायऱ्या उतराव्या लागत, इथे चढावे लागे. एवढी प्रगती झाली.

दोन वर्षांनी मुंबईचे सगळे मंत्रिमंडळच राजीनामा देऊन उतरले. एका दुपारी ईरप्पा एकटाच पायी गल्लीत आला. तहानलेला. नळाखाली टाचा उंचावल्या, हात वीतभर कमी पडला. गुरम्मा दुकानातून बघत होती. तिने मला पायाने पुढे सरकवले.

"चढ की ईरप्पा. जपून, एक पाय मोडका हाय."

तो चढला. कोणी टाळी वाजवली नाही. ओंजळीने पाणी प्याला आणि वरूनच म्हणाला, "अव्वा, हे खाली घ्यायला पायजे. कुणाला तरी सांग."

"कुणाला सांगू? वळखीचा मंत्री होता एक. उतरला."

ईरप्पाने वाकून हात पुढे केला. मग म्हणाला, "घागर दे." ती भरून त्याने तिच्या दारात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशीही तो आला. निवडणूक नव्हती.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कशावर तरी चढाल. चढा. पण ज्याच्यावर चढाल, त्याच्या मोडक्या पायाला एक खिळा मारा. आणि नळ बसवण्याआधी जी पाणी भरणार आहे, तिला एकदा शेजारी उभी करून बघा.